दिलावर शेठची टीम

बासष्ट साली कतारमधल्या दोह्यात दिलावर शेठ टीम मोडणार आणि शुक्रवारचं क्रिकेट बंद होणार, ही खबर ऐकल्यापासून मुनाफच्या घशाखाली घास उतरेना. आता टीम तरी कसली म्हणा! रत्नागिरीच्या पोरांची ती टीम जिंकलेली कुणी पाहिली नव्हती. पण आठवडाभर गोदामात 'यस सर, नो सर' करणाऱ्या मुनाफला शुक्रवारी मैदानाच्या कडेला बसून आपल्या बोलीत मनसोक्त ओरडता यायचं. ते सुख गेलं तर इथे करायचं काय, डोंबल?

जुम्म्याची नमाज आटोपून तो नि त्याच्या खोलीत राहणारा नसरुद्दीन चहा घेत बसले आणि टीमच्या मालकाचा, दिलावर शेठचा, उद्धार सुरू झाला.

"नवी कोरी बॅट आली. लोक अळशीचं तेल लावतात, ह्या बाबाने खोबरेल चोपडलं!" नसरुद्दीन म्हणाला. "बॅट होती की म्हातारीची वेणी?"

"आणि पिचवरची काथ्याची मॅट? ती नेऊन दुकानात अंथरली. पोरं खडीवर खेळली, गुडघे फोडून घेतले."

"वर स्वतः ओपनिंगला! पहिल्याच बॉलला दांडी गुल. तरी कॅप्टन तोच."

दोघं पोट धरून हसले. हसता हसता मुनाफचे डोळे भरले ते थांबेनात. "चल ऊठ," तो म्हणाला, "शेठचे पाय धरू."

शेठ बंद दुकानात एकटाच बसला होता.

"टीम मोडू नका, शेठ. तुम्हाला जड होत असेल तर आमच्या हाती द्या."

"न्या रे," शेठ म्हणाला. "पोरं माझ्यामागे हसतात, मला काय कळत नाही? म्हणूनच मोडत होतो. पण मग मला कोण खेळवणार? गावात कधी कुणी बॉल अडवायलासुद्धा घेतलं नाही. मालक झालो म्हणून तरी मैदानात उभा राहिलो."

मुनाफला गलबलून आलं. एवढा मोठा शेठ, आणि शुक्रवारी ह्यालाही जायला दुसरी जागा नव्हती.

"आम्ही घेऊ की, शेठ! फक्त कॅप्टन दुसरा, आणि तुमची बॅटिंग सगळ्यात शेवटी."

पुढच्या शुक्रवारी टीम हरली, ते सोडा. शेठ मात्र पहिला बॉल पडायच्या आधीच पॅड बांधून मुनाफच्या शेजारी बसला होता आणि दर विकेटला विचारत होता, "आता माझा नंबर ना रे?"