निळ्या झाकणाचं पीठ

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी शिवराजची पहिली भाकरी परातीतच फाटली.

हर्सूलच्या त्या घरात चार माणसं राहतात. शिवराज बिडकीनला कारखान्यात आहे. त्याची बायको प्रेरणा दवाखान्यात परिचारिका. त्याची आई चतुराबाई यांच्या मोडलेल्या मनगटात जानेवारीपासून स्टीलची पट्टी आहे. वडील तात्यासाहेबांना साखरेचा आजार. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी लागते आणि ती प्रेरणाच करते. परक्या हातची त्यांना चालत नाही.

नागपूरला डायलिसिसचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं. त्यासाठी प्रेरणाची निवड झाली. सोमवारी हजर व्हायचं होतं. येणार की नाही, ते शुक्रवारी आठ वाजेपर्यंत फोनवर कळवायचं. नाही कळवलं तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला.

तात्यासाहेबांनी अट घातली. "शिवराजनं शुक्रवारी माझ्यासमोर चार भाकरी कराव्या. जमल्या तर खुशाल जा. पण सूनबाई, तू सैपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाय."

"व्हय," शिवराज म्हणाला होता. "एवढी मोठी मशीन चालवतो मी, भाकरीचं काय घेऊन बसलात!"

बारा दिवस प्रेरणानं शिकवलं. पहिल्या दिवशी त्यानं थंड तव्यावर भाकरी टाकली. मग तळहाताच्या टाचेनं पीठ रगडणं आलं, परात फिरवत थापणं आलं, पिठाची बाजू वर करून ओला हात फिरवणं आलं. दुसऱ्याच दिवशी तिनं निळ्या झाकणाचा डबा दाखवला होता. त्यात दिवाळीआधी दळलेलं पीठ होतं, चतुराबाईंनी आंबिलीसाठी राखलेलं.

"हे नाय घ्यायचं. याची विरी गेलीय, चिकटपणा राहिला नाय. कितीबी मळा, काठ फाटणार."

"आणि दुसरं नसंलच तर?"

"उकळतं पाणी घालून मळायचं. मग धरतं."

नवव्या दिवशी एक भाकरी फुगली. बुधवारी चारही फुगल्या. शिवराजनं निळा डबा आईपुढं आपटला. "आई, हे फेकून दे. विरी गेलीय त्याची."

"लई शहाणा झालास," चतुराबाई म्हणाल्या आणि डबा परत फळीवर ठेवला.

शुक्रवारी दुसरी भाकरी तव्यावर टाकताना मधोमध चिरली. तात्यासाहेब खुर्ची दारात ओढून बसले होते.

"तळं आटल्यावर गाळ असाच दिसतो, नाय का गं?"

"हसू नका," चतुराबाई म्हणाल्या. "पोरगं घामाघूम झालंय."

प्रेरणा खुर्चीशेजारी, उंबऱ्याबाहेर बसली होती. फोन मांडीवर. बॅग आतल्या खोलीत भरून ठेवलेली. सात वाजून दहा मिनिटांनी तिसरी भाकरी थापताना काठाला आठ-दहा ठिकाणी फाटली, तेव्हा तिचं लक्ष ओट्याकडं गेलं. निळं झाकण तिथं उपडं पडलं होतं. बुधवारच्या पिठाचा स्टीलचा डबा फळीवर होता, झाकण घट्ट.

दुसऱ्या शेगडीवर चहासाठी ठेवलेलं पाणी खळखळत होतं.

"अहो," ती म्हणाली, "उकळतं पाणी घाला."

"सांगायचं नाय, सूनबाई."

शिवराजनं मागं वळून पाहिलं नाही. त्यानं हात लांब करून दुसरी शेगडी बंद केली.

तो तेच पीठ पुन्हा गार पाण्यानं मळत राहिला.

"कुठल्या डब्यातलं घेतलं?" प्रेरणानं विचारलं.

"हाताला आलं ते घेतलं."

"बुधवारी तर ओळखलं होतं."

"बुधवारी तू जवळ होतीस."

"जाऊ दे गं," चतुराबाई म्हणाल्या. "सहा महिन्यांनी दुसरं निघंल काहीतरी. शिक्षण काय पळून जातंय?"

सात पंचेचाळीसला तिसरी भाकरी तव्यावर दोन तुकड्यांत भाजून निघाली. तात्यासाहेबांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. "चवीला हाय बरी. एक राहिली. पण आता काय."

प्रेरणा उठली. उंबरा ओलांडून आत गेली, दुसरी शेगडी पेटवली आणि पातेल्याची मूठ शिवराजच्या उजव्या हाताकडं वळवून ठेवली.

"आता ही भाकरी हिशेबात धरायची नाय," तात्यासाहेब म्हणाले.

"नका धरू."

स्टीलच्या डब्याला तिनं हात लावला नाही. ती परत येऊन उंबऱ्याबाहेर बसली आणि फोन उघडला. पडद्यावर प्रशिक्षणाच्या संदेशाखाली दोन चौकोन होते: येणार, येणार नाही.

सात चोपन्नला पाण्याला बुडबुडे आले. शिवराजचे दोन्ही हात परातीत होते. चौथ्या भाकरीचं पीठ अजून कोरडं होतं.