माझ्याशी बोललेला रोगी

मी एक जुने, झटका देणारे यंत्र आहे. रुग्णालयाच्या हृदयविभागात, चाकांच्या गाड्यावर माझे आयुष्य गेले. माझे रूप काही पाहण्यासारखे नाही. राखाडी पेटी, छोटा पडदा, वायरी आणि अंगाला चिकटवायचे दोन पट्टे. कुणाचे हृदय भलत्याच वेगाने धावू लागले, की मी त्याला विजेचा झटका देऊन ताळ्यावर आणतो.

मित्रांनो, माझ्यापुढे येणारा माणूस बहुधा बेशुद्ध असे. त्यामुळे त्याला माझ्याविषयी काय वाटते, हा प्रश्नच मला कधी पडला नाही. मग प्लंबरकाका आले.

काकांचे हृदय थकले होते. त्याच्या मदतीला डॉक्टरांनी एक छोटा यांत्रिक पंप बसवला होता. त्याची वायर पोटातून बाहेर येऊन कमरेच्या बॅटऱ्यांना जोडलेली असे. असा पंप रक्त एकसारखे ढकलत राहतो, म्हणून त्या माणसाची नाडी हाताला सहसा लागत नाही. काका सिस्टरना म्हणत, जन्मभर लोकांचे पंप दुरुस्त केले, आता स्वतःच पंपावर चालतोय.

एका सकाळी मुलगी त्यांचे केस विंचरत असताना पलंगाजवळच्या पडद्यावरच्या रेषा वेड्यावाकड्या धावू लागल्या. मला तातडीने आणले. पाहतो तर काका उशीला टेकून मुलीची थट्टा करत बसलेले! हृदय जीवघेण्या वेगाने धावत होते, पण पंपामुळे रक्त फिरत होते, म्हणून ते शुद्धीत होते. मी पुरता गोंधळलो. मला चुकून तर आणले नाही ना, असे वाटले.

शिरेतून औषध दिले, पण ते लागू पडले नाही. डॉक्टरबाईंनी झटक्याचे नाव काढताच काकांचे हसू मावळले. त्यांच्या छातीत बसवलेल्या लहान यंत्राने एकदा घरी, शुद्धीत असतानाच त्यांना झटका दिला होता, गाढवाने लाथ घालावी तसा. तेव्हापासून ते बंद ठेवले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले.

"नको. चांगला बोलतोय, हसतोय. मला काय धाड भरलीय?"

डॉक्टरबाई पलंगाच्या कडेला बसल्या. पंप हृदयाच्या फक्त डाव्या भागाला मदत करतो, उजव्याला आपले काम स्वतःच करावे लागते, तो असाच धावत राहिला तर थकेल आणि पंपापर्यंत रक्तच पोहोचणार नाही, असे त्यांनी समजावले.

काका पुटपुटले, "म्हणजे टाकी रिकामी, आणि पंप कोरडा फिरणार."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. या वेळी आधी गुंगीचे औषध देऊ, लाथ कळणारसुद्धा नाही, असे त्या म्हणाल्या. तरी काका मुलीकडे पाहून हसले आणि नकोच म्हणाले. तेव्हा मुलीने कंगवा खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही माझ्यासाठी हसताय. कळतंय मला. आता पुरे."

"घाबरलोय गं मी," काका म्हणाले. मग त्यांनी मान हलवून होकार दिला.

गुंगीच्या औषधाने डोळे मिटेपर्यंत तिने त्यांचा हात धरला होता. पंपाची जागा सोडून माझे पट्टे चिकटवले गेले. सिस्टरनी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितले आणि मी झटका दिला. रेषा क्षणभर सपाट झाली. माझा जीव टांगणीला लागला. मग ठोके एकामागून एक, शहाण्यासारखे येऊ लागले.

जागे झाल्यावर काकांनी हात लांब करून माझ्या पेटीवर ठेवला. "उपकार झाले रे बाबा."

मी आपला पडद्यावर त्यांचेच ठोके त्यांना दाखवत राहिलो.

पुढे डॉक्टरांनी रक्तवाहिनीतून पातळ तार हृदयात नेली आणि जिथून ते चुकार ठोके उठत होते तेवढी जागा भाजून बंद केली. काका आपल्या पायांनी घरी गेले.

आता मी शिकाऊ परिचारिकांच्या खोलीत असतो. त्या मला पुसतात, माझ्यावर हात बसवतात. माझे बरे चालले आहे. मित्रांनो, अशा यंत्रांची रोज तपासणी करा, बॅटरी भरलेली ठेवा. गरज सांगून येत नाही. आणखी एक, सांगावे की नाही कळत नाही, पण सांगतो. घरातले आजारी माणूस हसून "मी बरा आहे" म्हणाले, तर तुम्हीही हसा. मग जवळ बसा आणि हळूच पुन्हा एकदा विचारा.