पाटाच्या तोंडची फळी

मी एक फळी, सागाची. साक्रीकडच्या एका गावात, पांझरा नदीच्या बंधाऱ्यातून पाट सुटतो तिथे, दगडी खाचेत मी उभी असायचे. मला उचललं की पाटात पाणी, खाली सोडलं की बंद. साऱ्या गावाचा गहू माझ्यावर, म्हणून मी जरा तोऱ्यातच होते.

मला उचलायचा मान एकट्या लोटनचा. तो गावाचा पाटकरी. वावरांना पाणी पाजायचा आणि त्याबद्दल खळ्यावर धान्य घ्यायचा. गावाची रीत अशी, की पाणी कमी असलं तर आधी शेवटच्या वावराला. ते वावर ताईबाईचं. तिचा गहू भिजेपर्यंत पाटाच्या तोंडाशी वावर असलेले धनसिंग नाना कुरकुरायचे, पण थांबायचे.

मग वीज आली. पाटाच्या कडेनं विहिरी झाल्या. दसऱ्यानंतर गाळ काढायला घरटी एक माणूस यायचा, तो येईनासा झाला. लोटन बोलवायला गेला तर नाना म्हणाले, "मन्ही विहीर शे, मोटर शे. मी कसाले येऊ?"

गरज सरो, वैद्य मरो. लोटन आणि ताईबाई दोघंच घमेली घेऊन आले. दोघांनी उपसून उपसून किती उपसावं? पाट बुजला. नदी माझ्या अंगाला लागून पुढे जायची, आणि मला हात लावायला कुणी यायचं नाही. फार एकटं वाटायचं हो.

एक दिवस नानांनी मला खाचेतून काढलं, बिजागऱ्या ठोकल्या आणि विहिरीवरच्या मोटरीच्या खोपटाचं दार केलं.

परवा दुपारी कुणीतरी माझ्यावर थाप मारली. लोटनचा हात मी लगेच ओळखला. हा हात मला कधी विचारून उचलायचा नाही, आज बाहेर उभं राहून दार वाजवत होता.

"नाना, एक पानी द्या. ताईबाईना गहू वाळी ऱ्हायना." ताईबाईचा गहू वाळत चालला होता.

नाना आतच बसले होते.

"काय देऊ, लोटन भाऊ? विहीर आटी गई. पाट व्हता म्हनीसन विहिरले पानी व्हतं."

लोटननं मला ढकललं नाही. थोडा वेळ हात टेकून उभा राहिला आणि गेला. ताईबाईचा यंदाचा गहू गेलाच.

बाबांनो, नदी अजून वाहते आहे. आधी गाळ काढा, मग मला इथून काढा. मला एकट्याचं दार करून ठेवू नका.