दोन वाक्यांचा दगड

मॉस्कोहून परतलेल्या शेजारच्या जयेशने निवेदिताच्या हातावर आवळ्याएवढा करडा दगड ठेवला. "पुष्कर भियांनी दिलाय, ताई. म्हणाले, यात हिरे आहेत, अन् मी येणार आहे."

एका दमात आलेल्या त्या दोन वाक्यांपैकी एकच तपासता येण्याजोगे होते.

दगड सायबेरियातल्या विवराचा होता. उल्का कोसळली तेव्हा तिथल्या खडकातले ग्राफाइट पापणी लवण्याआधी हिरा झाले; इतक्या घाईत, की जुना आकार टाकायलाही त्याला सवड मिळाली नाही. म्हणून ते हिरे चमकत नाहीत, काळ्या पापुद्र्यांसारखेच दिसतात. तिच्याबरोबर एम.एस्सी.ला असताना पुष्करनेच तिला हे सांगितले होते. पुढे तो ज्या देशात शिकायला गेला, तो देश नकाशावरून पुसला गेला. आणि इकडे तिचे बाबा दिनानाथ जिथे कामाला होते, त्या मिलचा भोंगा गेल्या हिवाळ्यापासून मुका होता.

"देवासवाले रविवारी तुला बघायला येतायत, बेटा," दिनानाथ म्हणाले. "लड़का परमनंट आहे. अजून किती वाट बघायची?"

"दगडात हिरा निघाला तर पुष्करची वाट बघेन, बाबा. नाही निघाला, तर देवास."

"पक्कं?"

"पक्कं."

पण हिरा शोधायचा म्हणजे दगड गमवायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने तो कुटला आणि काचेलाही खाणाऱ्या आम्लात, प्लास्टिकच्या भांड्यात ठेवला. त्याच्या हातची एकुलती एक वस्तू दिवसागणिक विरत गेली. मागे चिमूटभर काळी पूड उरली.

"निवेदिताजी, हिरा निघाला तर पोहे-जलेबी आपल्याकडून हां!" प्रयोगशाळा सांभाळणारे प्रतापराव नाकाला रुमाल लावून म्हणाले.

पूड तिने जड द्रवात सोडली. त्यात ग्राफाइट तरंगते, हिरा बुडतो. सगळी पूड वरच राहिली, निश्चिंत, संथ पाण्यावरच्या काजळीसारखी. तिने काचकांडीने ढवळले. एक पापुद्रा खाली निघाला, मध्यावर घुटमळला. तिचा श्वास त्याच्याबरोबर खाली गेला. मग तो पापुद्रा सावकाश वर आला.

ती घरी पोचली तेव्हा दिनानाथ दारातच उभे होते. "निघाला?"

"नाही."

"चलो, निपटलं! देवासला हो कळवतो."

"नाही म्हणून कळवा, बाबा."

"अरे! शर्त तर तूच लावली होतीस ना?"

निवेदिताने चपला काढून भिंतीशी ठेवल्या.

"दगडच लहान होता, बाबा," ती म्हणाली.