दोघांच्या वजनाची जागा

त्या शुक्रवारी सकाळपासूनच कोरडा, भाजणारा वारा सुटला होता. पोर्तुगालमधल्या आलेन्तेजूच्या माळावर जुलैत तो असतोच. पत्रे तापून कडकड वाजत होते, आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. मी बेलमिरोच्या शेडमध्ये थप्पीत पडून होतो.

मी बुचाचा तक्ता बोलतोय. ज्या ओकाच्या सालीपासून बाटलीची बुचं करतात, त्याच सालीचा मी. पण पहिल्या सोलणीचा. पंचवीस वर्षं झाडाच्या अंगावर राहिलो. मग मळ्यावर झाडं सोलणाऱ्या व्हेनान्सिओने कुऱ्हाड चालवून, खोडाला ओरखडा न काढता, लेकराचा अंगरखा उतरवावा तसं मला उतरवलं. पहिल्या सोलणीची साल खडबडीत, भेगाळ. तिची बुचं होत नाहीत. म्हणून आमचा चुरा करून वाफेवर दाबला आणि काळे तक्ते पाडले. माझं वजन जेमतेम पावणेदोन किलो.

व्हेनान्सिओ आता शहात्तरचा. तो आणि त्याची इदालिना मळ्याच्या घरात एक्केचाळीस वर्षं राहिली. नव्या मालकाला ती घरं पाहुण्यांना भाड्याने द्यायची होती. शनिवारी किल्ली द्यायची. म्हाताऱ्याने शाळेची जुनी छोटी बस घेतली, बाकं उपटून टाकली आणि आत घर मांडायला लागला. इदालिनाच्या भावाच्या रानात, साठ किलोमीटरवर, ती उभी करायची. नाही जमलं, तर शनिवारी चर्चची बाई येऊन इदालिनाला वृद्धाश्रमात नेणार होती. तिथे एकच खाट रिकामी, तीही बाईमाणसाची.

अट एकच. त्याच्या लायसनवर गाडी भरून साडेतीन हजार किलोच्या वर जाता कामा नये. पुलाजवळ पोलिसांचा वजनकाटा असतो.

आत जमीन कसली करायची यावर महिनाभर खल झाला. लाकडी फळ्या जड. प्लायवूड ओलीने फुगतं. इदालिनाला मातीच्या फरश्या हव्या होत्या, उन्हाळ्यात अनवाणी पायाला गार लागतात म्हणून. व्हेनान्सिओने सिमेंट कालवून फरश्या बसवल्या आणि त्या शुक्रवारी सामानासकट बस बेलमिरोच्या काट्यावर आणली. बेलमिरो त्यांचा शेजारी, बुचाच्या गाड्या तोलणारा.

काटा म्हणाला, तीन हजार चारशे तीस. म्हाताऱ्याने टोपी काढून छातीवर क्रूसाची खूण केली.

बेलमिरो दात कोरत म्हणाला, "झकास. आणि तुम्ही दोघं? बसमागून चालत येणार?"

व्हेनान्सिओने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. दोघांना तोलायचंच राहिलं होतं. बुचाची गाडी तोलताना सगळी माणसं आधी खाली उतरतात, ड्रायव्हरसुद्धा. नाहीतर माणसांचं वजन बुचाच्या भावाने विकलं जाईल. जन्मभराची सवय. बस काट्यावर चढताच तो बायकोला घेऊन उतरला होता आणि झाडाखाली जाऊन उभा राहिला होता. दोघांचं वजन एकशे पस्तीस किलो, म्हणजे पासष्ट किलो जास्त.

"मग मी उतरते," इदालिना म्हणाली. "जाऊ दे मला त्या बाईबरोबर. तू ये भेटायला."

"गप्प बस!" तो ओरडला. चाळीस वर्षांत तो कधी असा ओरडला नव्हता म्हणतात. मग त्याने छिन्नी-हातोडा घेतला. फरश्या फुटून निघाल्या, पण खालचं सिमेंट काही सुटेना.

बेलमिरोने आम्हाला बाहेर काढलं. "हे घे. एका हाताने उचलशील."

"पहिल्या सोलणीचं? पायाखाली?"

"का? राजवाडा बांधतोयस?"

दुपारपर्यंत आम्ही सोळा जण जमिनीवर बसलो. व्हेनान्सिओने चाकूने कडा कापल्या, जड हातांनी दाबून दाबून बसवलं. मग चूल परत चढली, पलंग चढला, आणि आधी रिकामी तोललेली पाण्याची पिंपं आता भरून चढली. शेवटी दोघं आत बसली.

काटा म्हणाला, तीन हजार सहाशे दहा.

कपाट गेलं. टेबल गेलं. इदालिनाने लोखंडी पातेली एकेक करून खिडकीतून खाली दिली. तीन हजार पाचशे चाळीस. चूल टाकली तर खायचं काय? पाणी टाकलं तर त्या रानात विहीर नाही. पलंग टाकला, तर तिच्या कमरेने जमिनीवरून उठवत नाही.

व्हेनान्सिओ गुडघ्यावर बसला आणि मला पहारेने उचकटायला लागला. बाबा रे, मी मनात म्हणत होतो, आम्हा सोळांना उपटलंस तरी तीस किलो भरणार नाहीत! त्यालाही ते ठाऊक होतं. बुचाचं वजन त्याला कोण शिकवणार? तरी तो उचकटतच होता. माझा कोपरा फाटला तो तेव्हा.

माणसांचं मला एक कळत नाही. दगड, सिमेंट, लोखंड मोजतात, तोलतात, त्यावर भांडतात. आणि ज्याच्यासाठी घर, त्यालाच शेवटी म्हणतात, तू उतर. कुणाकडे काही मागायचं म्हटलं की यांची जीभ लाकडाची होते. लोकहो, घर हलवाल तेव्हा आधी माणसं तोला. उरेल त्यात बाकीचं बसवा.

इदालिनाने गुपचूप दार उघडलं. तिचा एक पाय पायरीवर गेला. माझ्यावरचं तिचं ओझं हलकं झालं, आणि एवढा हलका मी, पण मला ते सोसवेना.

तेवढ्यात बेलमिरो काट्याच्या खोलीतून बाहेर आला. त्याने म्हाताऱ्याच्या हातातली पहार काढून घेतली आणि म्हणाला, "एवढी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, गाढवा, तोंड उघडायला काय झालं होतं तुला? चूल आणि पिंपं माझ्या ट्रॅक्टरवर चढव, मी येतो मागून. आणि वहिनीला सांग, पाय आत घे म्हणावं."