धूर माझा, शिक्षा मांजरीला

मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. कपडे शिवायच्या कारखान्यामागच्या बोळात उभा असतो. वीज गेली की मालक माझं बटण दाबतात, मी धडधडतो आणि आतली बारा मशिनं पुन्हा सुरू होतात.

मित्रांनो, नवा होतो तेव्हा माझं काय कौतुक! मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हा माझा उजवा हात!" पुढे त्या उजव्या हाताचा फिल्टर बदलायलाही कुणाला सवड मिळाली नाही. मग मी काळा धूर सोडणार नाही तर काय अत्तर शिंपडणार?

माझ्या पाइपाच्या तोंडाशीच मालकांच्या घराची खिडकी आहे. त्या खोलीत त्यांची आठ वर्षांची लेक झोपते. तिला सगळे ठमी म्हणतात. तिला दमा आहे.

खोकला वाढला की घरात खल सुरू. आईनं आइस्क्रीम बंद केलं. आत्या म्हणाली, "पडद्यांत धूळ असते." पडदे गेले. शेवटी मांजरीलाही हाकललं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! अहो, जरा खाली वाकून बघा, इथे धूर कोण ओकतंय! मी रोज हेच ओरडत होतो. पण माझं ओरडणं म्हणजे नुसती धडधड.

डॉक्टरीणबाईंनी मात्र एका फेरीत ओळखलं. "हे धूड आधी बंद करा," त्या म्हणाल्या. मालकांनी गच्चीवर सोलर पॅनेल बसवली, बॅटरी आणली. मला वाटलं, सुटलो. पण आईला ती उन्हात तापलेली पॅनेल इतकी आवडली की तिनं त्यांवर गाद्या वाळत घातल्या. आत्यानं उशा घातल्या. रोज! महिनाभरात मालक सांगू लागले, "सोलर-बिलर सगळं थोतांड. बॅटरी भरतच नाही." आणि पुन्हा माझं बटण दाबलं. कपाळ माझं!

एका दुपारी वीज गेली आणि नेमका तेव्हाच ठमीचा श्वास अडकला. तिचं वाफेचं मशीन विजेवर चालतं, म्हणून मालकांनी धावत येऊन मला सुरू केलं. तिला औषध देणारी वीज माझी आणि तिला घुसमटवणारा धूरही माझाच. असलं काम कुणाच्या वाट्याला येऊ नये.

"अहो, बंद करा ते! खोली धुरानं भरलीय!" आई वरून ओरडली.

"मग मशीन कशावर चालवू?"

ठमीला बोलता येईना. तिनं गच्चीकडे बोट दाखवलं.

मालक वर धावले, गाद्या-उशा ओढून फेकल्या. ऊन कडक होतं. थोड्याच वेळात वाफेचं मशीन गच्चीवरच्या विजेवर चालू लागलं. मला बंद केलं. ठमीचा श्वास हळूहळू जागेवर आला.

तेव्हापासून मी गप्प आहे. ठमी खिडकी उघडी टाकून अभ्यास करते. मला खरंच बरं वाटतं. पण काल तिचा मामा आला.

"दाजी, हा नुसता गंजतोय. माझ्या दुकानाला द्या की!"

"ने की," मालक म्हणाले, तेही हसत!

ठमीनं विचारलं, "मामा, बाळाला कुठे झोपवतोस रे?"

"दुकानाच्या वरच्या खोलीत. का गं?"

मालकांचं हसू मावळलं. पण अजून ते 'नको' म्हणालेले नाहीत आणि टेम्पो उद्या सकाळी येणार आहे. मित्रांनो, मला स्वतःला बंद करता येत नाही. मला खुशाल भंगारात द्या, मी रागावणार नाही. पण त्या बाळाच्या खिडकीखाली नेऊन उभा करू नका.