राजीखुशीनं

निजाम सरकारचा हुकूम हलगी वाजवून सांगण्यात आला. आजपासून वेठ बंद, कुणी कुणाला घरात बांधून ठेवायचं नाही. कडूबाई तेव्हा हिंमतराव देशमुखांच्या अंगणात ज्वारी पाखडत होती. तेवीस वर्षांपूर्वी देशमुखीण द्वारकाबाई लग्न होऊन आल्या, तेव्हा माहेरून भांडी, गाय आणि कडूबाई असं आंदण सोबत आलं होतं. हुकूम ऐकून तिनं सूप खाली ठेवलं, हे मात्र खरं. पण ठेवून जायचं कुठं?

स्वतःचं तिला काही वाटत नव्हतं. धास्ती होती ती लेकीची. महिन्याभरात देशमुखांची मुलगी सासरी सोनारीला जाणार, आणि तिच्यासोबत आंदण म्हणून चौदा वर्षांची अयोध्या जाणार, हे घरात कधीच ठरून गेलं होतं. पोरीचा बाप पटकीनं गेलेला, विचारणार कोण?

कडूबाई लेकीला घेऊन माकणीला गुंडाप्पाच्या मळ्यात गेली. गुंडाप्पा भला माणूस.

"काम हाय की, बाई. ऱ्हायला कोपरा बी देतो. फकस्त देशमुखांची चिठ्ठी आण. त्यांचं माणूस ठिवून घेतलं तर मला हितं नांदू देतील का?"

आणखी चार घरं फिरली, चारही घरी तेच. हुकूम सरकारचा आणि चिठ्ठी मालकाची! असली मोकळीक काय जाळायचीय?

हिंमतराव चिठ्ठीचं नाव ऐकून हसले. "लगीन तोंडावर आलंय आन् माणूस सोडू व्हय?"

मग ती द्वारकाबाईंच्या पाया पडली. "बाईसाब, पोरीला धाडू नका. तिच्या जागी म्या जाते. मरेस्तवर राबते."

"बरं. न्हाय धाडत तिला," द्वारकाबाई म्हणाल्या. कडूबाईला रडूच फुटलं.

आता आंदण म्हणायची सोय नव्हती, म्हणून हिंमतरावांनी कागद केला. कडूबाई राजीखुशीनं जाते, असं त्यात लिहिलं होतं. तिनं अंगठा उमटवला. खरोखरच राजीखुशीनं उमटवला, हीच तर जिवाला लागणारी गोष्ट.

नवरीच्या गाड्या निघाल्या. अयोध्या हंबरडा फोडत मागं धावली.

"माकणीला जा गं!" कडूबाई गाडीतून ओरडली. "बाईसाब, तिला चिठ्ठी द्या!"

द्वारकाबाईंनी पोरीला हाताला धरून मागं आणलं. डोळे त्यांचेही ओले होते. ते काही खोटं नव्हतं.

"चिठ्ठी कशाला लागती? एवढीशी पोर तू, जाणार कुठं?" त्यांनी तिचे डोळे पदरानं पुसले. "जा आत. आईची कामं आता तूच बघायची."

अयोध्या आत गेली.